घरातल्या मोठ्यांना इन्सुलिनचं पेन देताना: आम्ही कसं करतो

आईला सकाळ-संध्याकाळ प्रीमिक्स इन्सुलिन (लवकर आणि सावकाश काम करणारं, दोन्ही आधीच मिसळलेलं) आहे आणि पेनचं सगळं काम घरात माझ्याकडे, त्यामुळे नातेवाइकांत कोणाला नवीन पेन लागलं की फोन मलाच येतो. तक्रार बहुतेक एकच असते, डोस तोच, जेवण तेच, तरी शुगर आज 130 आणि उद्या 280. डोस वाढवून मागायच्या आधी पेन कसं घेतलं जातंय ते एकदा शेजारी बसून बघा असं मी सांगते, बऱ्याचदा गडबड तिथेच असते. किती युनिट घ्यायचे ते डॉक्टरच ठरवणार, ठरलेले युनिट पूर्ण अंगात कसे जातील तेवढंच मी इथे लिहितेय.

आधी 40 आणि 100 चा फरक, कारण यात जिवाला धोका आहे. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणाऱ्या बऱ्याच बाटल्या 40 च्या असतात, म्हणजे 1 मिलीमध्ये 40 युनिट, आणि लाल टोपीची सिरिंज त्या 40 च्या बाटलीसाठी असते. पेनमधली कार्ट्रिज (इन्सुलिन भरलेली छोटी नळी) मात्र साधारणपणे 100 ची, 3 मिलीत 300 युनिट. पेन अडकलं म्हणून कोणी कार्ट्रिजमधलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने 20 च्या खुणेपर्यंत ओढलं तर 20 नाही, 50 युनिट जातात. म्हणून कार्ट्रिजमध्ये सिरिंज कधीच घालायची नाही. पेन बिघडलं तर दुसरं पेन आणा किंवा डॉक्टरांना फोन करा, आणि हे घरात सगळ्यांना माहीत पाहिजे, नुसतं पेशंटला सांगून भागत नाही.

ठेवायचं कसं, तर न उघडलेलं फ्रीजमध्ये, 2 ते 8 डिग्रीत, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटून नको, एकदा गोठलं की ते फेकूनच द्यायचं. वापरात असलेलं पेन बाहेर ठेवायचं, 30 डिग्रीच्या खाली, आणि बरीचशी इन्सुलिन उघडल्यापासून 28 दिवसच चालतात (काही जास्त चालतात, खोक्यातला कागद वाचा). मी उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहून पेनाला लावते. विदर्भ-खानदेशात एप्रिल-मे मध्ये घरातच 38-40 डिग्री होतं, तिथे मातीच्या माठाचा चांगला उपयोग होतो, पेन डबीत घालून पाणी लागणार नाही असं माठात ठेवायचं आणि माठ सावलीत, वाऱ्यावर. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा उन्हातल्या खिडकीत पेन अजिबात नको, आणि विमानाने जाताना ते हातातल्या बॅगेत, सामानात टाकलेलं गोठू शकतं.

आता घ्यायची वेळ. गढूळ दिसणारं इन्सुलिन असेल (प्रीमिक्स किंवा एनपीएच, म्हणजे सावकाश काम करणारं साधं इन्सुलिन) तर आधी पेन दोन्ही तळव्यांमध्ये 10 वेळा फिरवायचं, मग 10 वेळा सावकाश वर-खाली करायचं, आत सगळीकडे एकसारखं दुधाळ दिसेपर्यंत. जोरात हलवू नका, फेस होतो. हे न करता घेतलं की एक दिवस वरचं पातळ जातं, दुसऱ्या दिवशी खालचं घट्ट, आणि शुगर वर-खाली होते ती यामुळेही. स्वच्छ पाण्यासारखं दिसणारं इन्सुलिन असेल तर फिरवायची गरज नाही, उलट त्यात गढूळपणा किंवा कण दिसले तर ते वापरायचंच नाही.

नवीन सुई लावायची, दोन्ही टोप्या काढायच्या (आतली छोटी टोपी बरेच जण विसरतात, मग बटण दाबलं जातं आणि आत काहीच जात नाही), डायल 2 वर आणायचा, सुई वर करून कार्ट्रिजवर बोटाने टिचकी मारायची आणि बटण दाबायचं. टोकावर थेंब दिसला पाहिजे, नाही दिसला तर परत 2. इन्सुलिन वाया जातं म्हणून बरेच जण हे टाळतात, पण थेंब न बघता घेतलं तर किती गेलं हे कळायला मार्ग नसतो. महिन्याचा हिशोब करताना हे 2-2 युनिट धरूनच कार्ट्रिज आणा. सकाळी 20 आणि संध्याकाळी 10 असतील तर रोज 34 लागतात, म्हणजे 300 युनिटची कार्ट्रिज आठ दिवस जेमतेम पुरते.

4 मिलिमीटरची सुई असेल तर मोठ्या माणसांना कातडी चिमटीत धरावी लागत नाही, सरळ टोचायची, फारच बारीक माणूस असेल तर चिमूट धरा. बटण पूर्ण दाबून डायल शून्यावर आला की लगेच ओढू नका, बटण दाबलेलंच ठेवून सावकाश 10 पर्यंत मोजा. आईला मी मोठ्याने मोजायला सांगते, मनातल्या मनात मोजलं की पाचातच दहा होतात. घेऊन झालं की सुई काढून टाकायची, तशीच लावून ठेवली तर आत हवा शिरते, इन्सुलिन गळतं आणि पुढचा डोस चुकतो. आणि एकाचं पेन दुसऱ्याने वापरायचं नाही, सुई बदलली तरी नाही, नवरा-बायको दोघांचं इन्सुलिन तेच असलं तरी नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते जागेकडे. रोज त्याच जागी टोचलं, आणि त्यात एकच सुई आठवडाभर वापरली, की कातडीखाली चरबीची जाड गाठ तयार होते. तिथे दुखत नाही म्हणून म्हातारी माणसं मुद्दाम तिथेच घेतात, आणि गाठीतून इन्सुलिन कधी पटकन उतरतं तर कधी तासन् तास पडून राहतं. आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने पोट आणि मांड्या चाचपून बघायला सांगा, नुसत्या डोळ्यांना जे दिसत नाही ते हाताला लागतं. आम्ही पोटाचे चार भाग ठरवलेत, एका आठवड्याला एक भाग, त्यात रोज बोटभर सरकायचं आणि बेंबीपासून दोन बोटं लांब. गाठ सापडली तर ती जागा काही महिने सोडायची, पण जागा बदलायच्या आधी डॉक्टरांशी बोला, चांगल्या जागेत तेवढेच युनिट जास्त काम करतात आणि शुगर एकदम खाली जाऊ शकते, डोस बऱ्याचदा कमी करावा लागतो.

जेवणाची वेळ. साधं ह्युमन प्रीमिक्स जेवणाआधी साधारण अर्धा तास, ॲनालॉग प्रीमिक्स (रचना थोडी बदललेलं, जास्त लवकर काम सुरू करणारं) जेवायला बसताना, दोघांच्या नावात 30 असू शकतं म्हणून आपलं कुठलं ते विचारून घ्या. संकष्टीला चंद्रोदय नऊ-साडेनऊला असतो, इंजेक्शन नेहमीच्या साडेसातला घेतलं आणि जेवायला दहा वाजले तर शुगर एकदम खाली जाऊ शकते. उपासाच्या दिवसाचा डोस आणि वेळ आधीच विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

शुगर खाली गेल्याची लक्षणं, म्हणजे घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसलं की शुगर बघा, 70 च्या खाली असेल (किंवा मशीन हाताशी नसेल) तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, 15 मिनिटांनी परत बघा, अजून कमीच असेल तर परत तेवढीच द्या. पेढा-चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर उशिरा चढते. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा.

वापरलेल्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्या ताईंच्या हाताला त्या टोचतात. फिनेलची किंवा डिटर्जंटची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, वर मार्करने मोठ्या अक्षरात "सुया" लिहा, पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून घंटागाडीवाल्यांना वेगळी हातात द्या आणि आत काय आहे ते तोंडाने सांगा. काही दवाखाने आणि लॅबसुद्धा घेतात, तुमच्या जवळच्या ठिकाणी एकदा विचारून बघा.