स्पेनमध्ये हामोन विकत घेण्यापूर्वी

हामोन म्हणजे मिठात मुरवून महिनोन्‌महिने वाळवलेली डुकराची मागची तंगडी. ती घेण्यासाठी दुकानात जाण्याआधी खिशातल्या युरोंच्याही अगोदर खाणारी माणसे आणि खाण्याचे दिवस मोजावेत. सात-आठ किलोंच्या अख्ख्या तंगडीतून हाड, साल आणि बाहेरची पिवळी पडलेली चरबी वजा केली, तर जेमतेम निम्मे खाण्याजोगे मांस हाती लागते, आणि एकदा कापायला घेतल्यावर ते काही आठवड्यांत संपवावे लागते. पालेता, म्हणजे पुढचा पाय, किलोमागे स्वस्त दिसतो. पण त्यात हाडाचे प्रमाण जास्त असते आणि तो कापायलाही अवघड असतो, त्यामुळे ती बचत दिसते तेवढी नसते. दोघा-तिघांच्या घराने माझ्या मते सुरीने कापलेली, निर्वात पाकिटातली शंभर-शंभर ग्रॅमची हामोनच घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत दर्जाची एक पायरी वर चढावे.

बजेट कमी असल्यास सेर्रानो घ्यावा. तो इबेरिको या तिथल्या देशी जातीच्या नव्हे, तर पांढऱ्या डुकरांपासून करतात. वेष्टनावर ‘बोदेगा’, ‘रेसेर्वा’ किंवा ‘ग्रान रेसेर्वा’ यांपैकी काय लिहिले आहे ते पाहावे, कारण त्यांचा अर्थ अनुक्रमे किमान 9, 12 आणि 15 महिने मुरवण असा आहे. भौगोलिक मानांकनाचा तेरुएल किंवा ग्रानादाच्या डोंगरातला त्रेवेलेस मिळाला, तर थोडे जास्त पैसे अवश्य मोजावेत.

इबेरिको घ्यायचा असेल, तर विक्रेत्याच्या वर्णनावर विसंबू नये. घोट्याला बांधलेली प्लास्टिकची पट्टी पाहावी. 2014 च्या स्पॅनिश नियमानुसार पांढरी पट्टी म्हणजे बंदिस्त जागी खाद्यावर वाढवलेले जनावर, हिरवी म्हणजे खाद्याबरोबर मोकळ्या रानातही चरलेले, लाल म्हणजे ओकच्या फळांवर पोसलेले पण संकरित, आणि काळी म्हणजे त्याच फळांवर पोसलेले शंभर टक्के इबेरिको. ‘पाता नेग्रा’ हे शब्द कायद्याने फक्त काळ्या पट्टीच्या हामोनसाठीच वापरता येतात. खूर काळा असणे हा मात्र कसलाही पुरावा नव्हे, कारण संकरित जनावराचा खूरही काळा असू शकतो. शरद ऋतूपासून हिवाळा संपेपर्यंत लाल आणि काळ्या पट्टीची डुकरे देहेसा नावाच्या विरळ ओकच्या रानात हिंडून ती फळे खातात. त्यामुळे त्यांच्या चरबीत ऑलिव्ह तेलातले ओलेइक आम्ल भरपूर उतरते आणि ती खोलीच्या उष्णतेनेच विरघळू लागते. इथे जास्त दर सार्थकी लागतो. पांढऱ्या पट्टीच्या स्वस्त पालेतापेक्षा उत्तम ग्रान रेसेर्वा सेर्रानो मला केव्हाही अधिक पटतो. मधल्या बजेटला हिरवी किंवा लाल पट्टी योग्य. लाल घेताना चिठ्ठीवरची जातीची टक्केवारी, 50 की 75, वाचून घ्यावी. बजेट मोठे असल्यास काळ्या पट्टीसोबत हाबुगो, गिहुएलो, देहेसा दे एक्स्त्रेमादुरा किंवा लोस पेद्रोचेस यांपैकी एखादे भौगोलिक मानांकन पाहावे.

अख्खी तंगडी घेणारच असाल, तर ती पकडणारा स्टँड, लांब लवचिक सुरी आणि हाडाभोवतीसाठी आखूड ताठ सुरी यांची सोय आधी करावी. चार-दोन दिवसांत संपणार असेल, तर खूर वर ठेवून रुंद, मांसल बाजूने सुरुवात करावी. संपायला वेळ लागणार असेल, तर खूर खाली करून अरुंद बाजू आधी कापावी, कारण तीच लवकर कोरडी पडते. कापलेल्या भागावर तिच्याच चरबीचा पातळ पापुद्रा ठेवून वर स्वच्छ कापड घालावे. सालीवरची बुरशी तेलाच्या फडक्याने पुसली की पुरते आणि मांसातले पांढरे कण मुरताना प्रथिनांतून सुटणाऱ्या टायरोसिन या निरुपद्रवी अमिनो आम्लाचे असल्याने ते पाहून तंगडी परत करू नये. पाकिटातले काप मात्र फ्रिजमधून वेळेवर बाहेर काढावेत, थंड असताना त्यांची चव लागत नाही.

भारतात परतणाऱ्यांनी हे सारे तिकडेच खाण्याच्या बेताने घ्यावे, कारण प्राणिजन्य पदार्थांच्या आयातीला परवाना लागतो.