प्रोटीन पावडर निवडताना या चुका टाळा: आधी ताट मोजा, मग डबा घ्या

म्हापसा, फोंडा, मडगाव, कुठल्याही जिमला नाव घाला, पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारतंच, "पावडर कुठली घेतोस?" मग डब्यावरचे शब्द वाचून खरेदी होते. बारीक व्हायचंय तर 'लीन', अंग भरायचंय तर 'मास'. चुकांची सुरुवात इथूनच होते. पावडर म्हणजे दुधातून, सोयाबीनमधून किंवा वाटाण्यातून वेगळं काढलेलं प्रथिन. ध्येय काहीही असो, तिचं काम एकच: जेवणात कमी पडलेलं प्रथिन भरून काढणं. किती कमी पडतंय हेच ठाऊक नसेल, तर डबा निवडायचा कशावरून?

तूट न मोजता डबा आणणं

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि तिची राष्ट्रीय पोषण संस्था (आयसीएमआर-एनआयएन) यांच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरतं. नियमित वजनं उचलणाऱ्याने १.६ ग्रॅमच्या आसपास धरावं. त्यापुढे स्नायूंना फारसा जादा फायदा दिसत नाही. म्हणजे ६५ किलोच्या मुलाला दिवसाला साधारण १०४ ग्रॅम.

आता त्याचं ताट बघू. सकाळी दोन पाव आणि वाटाण्याची पातळ भाजी, १० ग्रॅम. दुपारी भात आणि दोन मध्यम बांगडे, मिळून ३२. संध्याकाळी दोन अंडी, १२. रात्री दोन चपात्या आणि अळसांद्यांचं तोणाक (चवळीची रस्साभाजी), १६. झोपण्यापूर्वी पेलाभर दूध, ८. बेरीज ७८. आकडे ढोबळ आहेत, पण तूट किती ते समजतं: २६ ग्रॅम, म्हणजे एक स्कूप (डब्यातला मापाचा चमचा). दिवसाला तीन स्कूप घेणारी जी मुलं दिसतात, त्यांतल्या बहुतेकांचे दोन स्कूपांचे पैसे वायाच जातात.

गोव्यात या हिशेबाला आणखी एक बाजू आहे, आणि तिचा विचार फारसा कोणी करत नाही. ज्या घरात सोमवार-गुरुवार पाळतात, तिथे त्या दिवशी बांगडे आणि अंडी जातात आणि ७८चे ४३ होतात. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरची मासेमारी बंद असते, ताजी मासळी महागते. ती बंदी संपते न संपते तोच श्रावण असतो. तेव्हा तूट वर्षभर सारखी राहत नाही. पावडर लागलीच तर या महिन्यांत जास्त लागेल, आणि ऑक्टोबरात बाजार मासळीने भरलेला असताना कदाचित लागणारही नाही. शिवराकाच्या, म्हणजे शाकाहाराच्या दिवशी १०० ग्रॅम पनीर आणि ५० ग्रॅम सुके सोया चंक्स जेवणात आले, तरी चाळीसेक ग्रॅमची सोय होते. बंदीच्या काळात सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर, चांगली, फक्त मिठाकडे लक्ष ठेवा.

खर्चही असाच मोजा. अंडं सात-आठ रुपयांना धरलं, तर प्रथिनाचा एक ग्रॅम सव्वा रुपयाच्या आसपास पडतो. डब्याची किंमत त्यातल्या एकूण प्रथिनाच्या ग्रॅमनी भागा आणि मग तुलना करा.

अंग भरण्यासाठी मास गेनर

किडकिडीत मुलांना दुकानदार हमखास हाच डबा पुढे करतो. मागचं लेबल वाचा. घटक पदार्थ प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन असेल, तर तुम्ही मुख्यतः पिठूळ साखरच विकत घेताय. एक सोपा भागाकार करा: स्कूपमधलं प्रथिन भागिले स्कूपचं वजन. ३० ग्रॅममध्ये २४ ग्रॅम असेल तर ८० टक्के, उत्तम. ७५ ग्रॅममध्ये १५ असेल तर २० टक्के. तो डबा खाली ठेवा.

हे आग्रहाने सांगण्याचं कारण गोव्याचंच आहे. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण गोव्यात सर्वांत जास्त निघालं, २६.४ टक्के. ज्या घरात आई-वडिलांना साखर आहे, तिथल्या विशीतल्या मुलाने रोज वाटीभर माल्टोडेक्स्ट्रिन पिणं मला धोक्याचं वाटतं. वजन वाढवायचं तर एक चपाती जास्त, मूठभर शेंगदाणे, दोन केळी, आणि त्यावर साधं व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतून काढलेलं प्रथिन.

पोट फुगतं, गॅस होतो

या तक्रारीवर लोक एकतर डबा फेकून देतात, नाहीतर सहन करत राहतात. दोन्हीची गरज नाही. आठवडाभर पावडर बंद करा आणि त्या दिवसांत रोज पेलाभर साधं दूध पिऊन बघा. दुधानेही त्रास झाला, तर दोष बहुधा लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा. व्हे कॉन्सन्ट्रेट या साध्या प्रकारात लॅक्टोज राहतं, आयसोलेट या जास्त गाळलेल्या प्रकारात फारच कमी. म्हणून आयसोलेट घ्या, किंवा सोया अथवा वाटाण्याचं प्रथिन. दूध पचतं पण पावडर पचत नाही, असं असेल तर संशय कृत्रिम गोडव्यावर आणि दाटपणासाठी घातलेल्या गोंदांवर घ्या. बिनचवीची पावडर अर्ध्या स्कूपने, पाण्यातून सुरू करा. दूध आरामात पचत असेल, तर महागड्या आयसोलेटवर खर्च करण्यात काही अर्थ नाही.

वजन उतरत नाही

अशा वेळी पावडरीला दोष देण्याआधी शेकमध्ये काय काय जातंय ते बघा. पाण्यातला एक स्कूप साधारण १२० कॅलरींचा. त्यात सायीचं दूध, केळं आणि चमचाभर पीनट बटर गेलं की तो एका जेवणाएवढा होतो, आणि वर जेवणही होतंच. बारीक व्हायचं असेल तर शेक एखाद्या खाण्याच्या जागी घ्या, पाण्यातून. 'फॅट बर्नर' मिसळलेली पावडर टाळाच.

पहाटे मिरामारला धावणाऱ्यांचं निराळं. लांब धावून आल्यावर आधी कर्बोदकं हवीत; उकड्या तांदळाची पेज आणि सोबत दोन अंडी, यापेक्षा सोयीचं दुसरं काही नाही. व्यायामानंतर अर्ध्या तासात शेक गेलाच पाहिजे, ही धास्तीही सोडा. दिवसभराचं प्रथिन तीन-चार जेवणांत विभागून पोटात जाणं जास्त महत्त्वाचं.

मूत्रपिंडाचा विचार न करणं

निरोगी माणसाला दिवसाचा एक स्कूप सहसा त्रास देत नाही. पण मधुमेह, रक्तदाब किंवा मुतखड्याचा इतिहास असेल, तर आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी चाचणी) आणि लघवीची तपासणी करून डॉक्टरांना विचारा, मगच डबा आणा. साठीच्या पुढच्यांनाही प्रथिन लागतंच, त्यांनी तर तपासणी चुकवूच नये. आयसीएमआर-एनआयएनच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन सप्लिमेंट टाळायला सांगितलं आहे, हेही लक्षात ठेवा. माझ्या मते ताटातून तूट भरत असेल तर तो सल्ला शब्दशः पाळावा.

लेबलवर डोळे मिटून विश्वास

केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतातल्या ३६ प्रोटीन उत्पादनांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ७० टक्के उत्पादनांत प्रथिनाची माहिती चुकीची निघाली, काहींत बुरशीचं विषही सापडलं. नेहमीच्या चाचणीत प्रथिन थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्यावरून प्रथिनाचा आकडा काढतात. म्हणून ग्लायसिन, टॉरिन अशी स्वस्त अमिनो आम्लं मिसळून आकडा फुगवता येतो. घटकांत ही नावं वेगळी दिसली तर सावध व्हा. पावडर पाण्यात पटकन विरघळली म्हणजे ती अस्सल, हा समजही काढून टाका.

अन्नसुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, आणि परदेशी डबा असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता, एवढं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी तर बॅचनिहाय तपासलेलं, 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'सारखं चिन्ह असलेलंच घ्यावं. नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं, तर पावडरीत ते होतं हे मला माहीत नव्हतं, या सबबीवर खेळाडू सुटत नाही.

डबा घरी आल्यावर पावसाळ्याची काळजी घ्या. आपल्या हवेत जूननंतर पावडरीच्या गुठळ्या होतात. ओला चमचा घालू नका, आतली सिलिका जेलची पुडी राहू द्या, फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच आत दव धरतं. बोटाने फुटणारी गुठळी चालते, पण आंबट किंवा कुबट वास आला, रंग बदलला, की टाकून द्या. डबा फोडतानाच तसा वास आला, तर बिल, डबा आणि सीलचा फोटो जपून ठेवा आणि गोव्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे किंवा एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर बॅच क्रमांकासह तक्रार करा.