रोपे ऑनलाइन मागवताना आणि घरी आल्यावर

ऑनलाइन मागवलेले रोप जगणार की नाही, हे बहुतेक वेळा दोन गोष्टींवर ठरते: ते बंद खोक्यात किती दिवस राहिले आणि खोके उघडल्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत त्याची काळजी कशी घेतली. म्हणून किंमत व सवलत पाहण्याआधी रोपवाटिका कोणत्या गावी आहे आणि तेथून आपल्या पिनकोडवर पार्सल किती दिवसांत येते, हे पाहावे. रोप सोमवारी किंवा मंगळवारी रवाना करावे, अशी विनंती विक्रेत्यास करावी. अन्यथा ते शनिवार-रविवारी कुरियरच्या गोदामात अडकून पडते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत नाजूक रोपे मागवूच नयेत. मृगाचा पाऊस पडून उष्मा ओसरला की पुढे फेब्रुवारीपर्यंतचा काळ बरा.

सर्वच रोपांना हा प्रवास सारखा मानवत नाही. अडेनियमच्या फुगीर बुंध्यात पाणी साठलेले असते, त्यामुळे ते माती झाडून, कागदात गुंडाळून पाठवले तरी सहसा बिघडत नाही. स्नेक प्लांट आणि निशिगंधाचे कंदही असेच चिवट असतात. नेचे मात्र जवळच्या रोपवाटिकेतूनच आणावेत. हापूस कोयीपासून मूळ गुणांचा येईलच याचा भरवसा नसल्याने त्याचे कलमच घ्यावे लागते, आणि अशा कलमासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठासारख्या खात्रीच्या ठिकाणी स्वतः जाणे मला अधिक योग्य वाटते, कारण जात फसवी निघाल्याचे फळ धरल्यावरच कळते.

छायाचित्रातले फुलांनी लगडलेले झाड आणि हाती येणारे रोप यांत पुष्कळ अंतर असते. वर्णनात रोपाची उंची, पिशवीचा आकार, शास्त्रीय नाव आणि रोप कलमी आहे की बियांचे, हे लिहिलेले नसेल तर आधी विचारून घ्यावे. निळ्या गुलाबाचे बी विकणाऱ्याकडून तर काहीच घेऊ नये. गुलाबात निळे रंगद्रव्य नैसर्गिकरीत्या तयारच होत नाही.

पार्सल आल्यावर ते उघडतानाचे सलग चित्रीकरण करावे, कारण तक्रारीच्या वेळी बहुतेक विक्रेते तेच मागतात. चिकटपट्टी कडेने कापावी आणि रोप खोडाला धरून ओढण्याऐवजी मुळांच्या गड्ड्याखाली हात घालून बाहेर काढावे. मोगऱ्याची पाने पिवळी पडून गळालेली दिसली तरी घाबरू नये. अंधारामुळे आणि बंद खोक्यात साचणाऱ्या इथिलीन वायूमुळे असे होते. खोडाची साल नखाने किंचित खरवडावी: आत हिरवे दिसले तर खोड जिवंत आहे, तपकिरी व कोरडे दिसले तर थोडे खाली पुन्हा तपासावे. कलमी रोपाचा सांधा घट्ट आहे ना, हेही याच वेळी पाहावे.

त्यानंतर रोप लगेच मोठ्या कुंडीत लावण्याची घाई करू नये. गड्डा कोरडा असल्यास तळातून पाणी निथळेपर्यंत पाणी द्यावे, ओला असल्यास थांबावे. आणि आठवडाभर ते उजेडाच्या, पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी, घरातील इतर झाडांपासून दूर ठेवावे. पानांच्या बेचक्यांत पांढरा, कापसासारखा पिठ्या ढेकूण लपलेला असतो. तो दिसल्यास लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारावे. नवी पालवी दिसू लागली की सकाळचे कोवळे ऊन थोडे थोडे वाढवत न्यावे आणि मग कुंडी बदलावी. हे करताना गड्डा फुटू देऊ नये, कलमाचा सांधा मातीच्या वरच ठेवावा आणि सांध्याखालून फुटणारे कोंब खुडून टाकावेत. खत त्यानंतर आणखी तीन-चार आठवड्यांनी, तेही अगदी थोडे द्यावे.