आटे जुळवताना या चुका टाळा

बोल्ट दोन आटे सहज गेला आणि तिसऱ्याला अडला, की पुष्कळजण पान्याला पाइप लावतात. तसं करू नका. आट्यात चिप किंवा कचरा नसेल, तर तो बोल्ट बहुधा दुसऱ्याच जातीचा असतो. जोर लावलात तर बोल्ट वाचेल, पण कास्टिंगमधले आटे जातील.

जुन्या ब्रिटिश धाटणीच्या मशीनवर हे सर्रास होतं. तिथला चार सुती, म्हणजे अर्ध्या इंची, व्हिटवर्थ (ब्रिटिश मापाच्या आट्यांचा) बोल्ट 12.7 मिमी जाडीचा, इंचाला 12 आटे, म्हणजे पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) साधारण 2.12 मिमी. त्याच भोकात एम12, म्हणजे 12 मिमीचा मेट्रिक बोल्ट, घातला तर तो आत जातो, थोडा हलतोही. पण त्याचा पिच 1.75. दर आट्याला 0.37 मिमीचा फरक साठत जातो आणि बोल्ट आवळतो. आवळला म्हणजे घट्ट बसला असं वाटतं, आणि इथेच फसगत होते.

म्हणून आधी पिच मोजा. स्टीलची पट्टी बोल्टवर आडवी धरा आणि आट्याच्या पहिल्या शेंड्याला शून्य म्हणा. त्याला ‘एक’ म्हणून सुरुवात केली की माप एका पिचने चुकतं. दहाव्या शेंड्यापर्यंत एम12 वर 17.5 मिमी भरेल, व्हिटवर्थवर 21 च्या थोडं पुढे.

तीन सुती (3/8 इंची) बोल्टला मात्र पट्टी उपयोगाची नाही. व्हिटवर्थ आणि यूएनसी (अमेरिकन मापाचे आटे) दोन्हींत इंचाला 16 आटे. फरक फक्त आट्याच्या कोनाचा, 55 आणि 60 अंश. थ्रेड गेज (आट्यांच्या आकाराचे दाते असलेली पट्टी) लावून उजेडासमोर धरा. खाचेत फट दिसली तर तो जोड वापरू नका, भार थोड्याच जागेवर येतो.

इंची लीडस्क्रूच्या (आटे पाडताना टूल पुढे नेणाऱ्या लांब स्क्रूच्या) लेथवर मेट्रिक आटे पाडताना प्रत्येक कटनंतर हाफ नट (कॅरेज, म्हणजे टूल धरणारा सरकता भाग, लीडस्क्रूला जोडणारा नट) उघडू नका. हाफ नट पुन्हा कधी लावायचा हे दाखवणारी थ्रेड डायल इथे चालत नाही, दुसऱ्या कटला टूल भलत्याच जागी उतरतं. टूल मागे घ्या आणि मशीन उलटं फिरवून कॅरेज परत आणा. गिअरमध्ये 127 दात्यांचा गिअर हवा, कारण एक इंच म्हणजे 25.4 मिमी आणि त्याची पाचपट 127.

मिलिंग मशीनच्या टेबलात बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधली ढिलाई) वाढला की लगेच नवा नट बसवतात. त्याआधी टेबल मधोमध आणि दोन्ही टोकांना नेऊन डायल गेजने ढिलाई मोजा. मध्येच जास्त भरली तर स्क्रू झिजलेला आहे; मध्यावर नट आवळलात तर टोकांना टेबल जाम होईल. नवा स्क्रू मागवताना 30 अंशांचा ट्रॅपेझॉइडल की 29 अंशांचा अ‍ॅक्मे, आणि आटे डावे की उजवे, हे आधी पाहा. स्क्रू बदलेपर्यंत क्लाइंब मिलिंग (कटर फिरतो त्याच दिशेने काम सरकवणं) करू नका, कटर टेबल ओढून घेतो.

कूलंटच्या (कापताना थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) अर्ध्या इंची पाइप जोडात बीएसपी (ब्रिटिश) आणि एनपीटी (अमेरिकन) दोन्हींना इंचाला 14 आटे. ते एकमेकांत सुरू होतात, पण कोन वेगळे असल्याने गळत राहतात. टेपचे वेढे वाढवू नका, निपल (जोडाचा आटे असलेला छोटा पाइप) बदला.