काणकोणात नऊ होल: वाऱ्याशी जमवून घेत गोल्फ कसा खेळावा

गोवा हा फुटबॉलचा मुलूख. मडगावात कुणाला सांगितलं की उद्या पहाटे गोल्फ खेळायला चाललोय, तर समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "लॉटरी बिटरी लागली काय?" दक्षिणेला काणकोणात, राजबागच्या वाळूला लागून ललित रिसॉर्टचं नऊ होलचं मैदान आहे. तेच नऊ होल दुसऱ्यांदा वेगळ्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवरून, खेळले की अठरा होतात. ड्रायव्हिंग रेंजवर दोन-चार बादल्या बॉल मारून झालेत, पण खऱ्या मैदानावर अजून पाऊल टाकलेलं नाही, अशांसाठी हे लिहितोय.

आदल्या दिवशी

आधी फोन करा. त्या दिवशी मैदान खुलं आहे का, रिसॉर्टात न उतरलेल्यांना खेळू देतात का, कॅडी (पिशवी उचलणारा सोबती) आणि भाड्याचे क्लब, म्हणजे खेळायच्या काठ्या, मिळतील का, एवढं विचारून घ्या. कॉलरचा टी-शर्ट घाला, जीन्स घरी ठेवा. मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर छत्री घेऊन घरात बसायचे दिवस. मडगावहून करमल घाट उतरून यायला तासभर तरी धरा.

नियमाने पिशवीत 14 क्लब चालतात. तुम्ही सातच घ्या: एक हायब्रिड, 5, 7 आणि 9 नंबरचे आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि बॉल होलकडे घरंगळवायचा पटर. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, घरीच राहू दे. पहिल्या खेपेला मी हट्टाने आणला आणि पहिल्याच टीवर तीन बॉल घालवले. जुने, स्वस्त बॉल दहाएक असू द्यात.

वारा ओळखा, मगच क्लब काढा

समुद्राकाठच्या मैदानावर तुमची गाठ वाऱ्याशी असते, बाकी सगळं नंतर. कोकणपट्टीत वाढलेल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. पहाटे मतलई असते, डोंगराकडून समुद्राकडे जाणारी. ऊन तापलं की ती पडते, थोडा वेळ पानही हलत नाही आणि अकराच्या सुमारास खारा वारा उलट दिशेने सुरू होतो. म्हणून सातला सुरुवात करा. तिघेजण असाल तर नऊ होलांना सव्वादोन तास लागतात, म्हणजे दुसरी फेरी सुरू करेपर्यंत साडेनऊ होतात. मधेच कधीतरी वारा फिरतो आणि सकाळी ज्या होलवर तो पाठीशी होता, तिथेच आता तोंडावर येतो. एका तिकिटात दोन मैदानं!

वारा बघायचा तर गवताची चिमूट उडवू नका, ती फक्त कमरेइतक्या उंचीचा वारा सांगते. बॉल झाडांच्या वरून जाणार असतो, तेव्हा सुरूचे शेंडे बघा. समोरून ताशी 15 किलोमीटरचा वारा असला तर अंतरात ढोबळमानाने दहा टक्के घट धरा. 7 नंबरने तुमचा बॉल 120 यार्ड जात असेल तर तो 108 लाच पडेल. पाठीशी तोच वारा असला तर मात्र फायदा त्याच्या निम्माच. देताना हात आखडता, घेताना सढळ!

मग समोरच्या वाऱ्यात काय करायचं? मन म्हणतं, जोरात हाणू. जोरात मारलं की बॉल स्वतःभोवती जास्त फिरतो, वर चढतो आणि वारा त्याला उचलून मागे टाकतो. त्यापेक्षा मोठा, म्हणजे कमी नंबरचा क्लब घ्या, मूठ दांड्यावर इंचभर खाली धरा, बॉल उजव्या पायाकडे थोडा सरकवा आणि पाऊण स्विंगच घ्या. माझा कॅडी काणकोणचाच. माझे खांदे ताठ झालेले दिसले की तो मागून एवढंच म्हणायचा, "सायबा, ल्हव." म्हणजे हळू. तीन महिन्यांच्या क्लासात जे डोक्यात शिरलं नाही ते त्या एका कोकणी शब्दाने शिकवलं. हळू मारलेला 5 नंबर जोरात मारलेल्या 7 नंबरपेक्षा सरळ जातो. पटत नसेल तर दोन बॉल टाकून बघा, मागे कुणी थांबलेलं नसेल तर.

किनाऱ्याकडच्या बाजूला रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारी माणसं किंवा फिरायला आलेली मंडळी दिसली तर थांबा. बॉल भलतीकडे गेलाच तर लाजू नका, मोठ्याने "फोर!" ओरडा, म्हणजे "सांभाळा!"

कुर्ल्या, कावळे आणि झावळ्या

नियमांची जाडी बघून घाबरायला नको. इथे कामाला येणारे थोडेच आहेत.

बॉल कुर्लीच्या (खेकड्याच्या) बिळात गेला किंवा बीळ पायाखाली येत असेल तर दंड नाही. बिळाची अडचण संपते ती जवळची जागा शोधा. तिथून एका क्लबच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून बॉल सोडा. पाण्यासारख्या अडचणीच्या जागांभोवती लाल-पिवळ्या खुंट्या असतात, त्यांच्या आत मात्र ही सवलत मिळत नाही. कावळ्याने बॉल पळवला आणि तुम्ही तो डोळ्यांनी पाहिला, तर मूळ जागी दुसरा ठेवा, दंड नाही. गळालेली झावळी उचलून बाजूला करता येते, पण उचलताना बॉल हलला तर एका स्ट्रोकचा, म्हणजे फटक्याचा, दंड भरा. फक्त ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, तो माफ आहे. बॉल शोधायला तीन मिनिटं, 2019 पासून. पूर्वी पाच होती, आणि त्या पाचात आमच्यातला एकजण सिगारेट संपवायचा.

ग्रीनवर

डिसेंबर-जानेवारीत सकाळी ग्रीनवर दव असतं. बॉल जड पळतो, म्हणून थोडा जोर जास्त लावा. दव टॉवेलने पुसायचा मोह होईल. पुसू नका, नियमात बसत नाही. पण त्याचा एक फायदा आहे: तुमच्या आधी पट करणाऱ्याच्या बॉलने दवात चंदेरी रेघ ओढलेली असते. ती कुठे वाकली ते बघा, उताराचा अंदाज फुकटात मिळतो.

आपल्याकडच्या कित्येक मैदानांवरचं बर्म्युडा गवत म्हणजे दुसरं तिसरं काही नसून आपली हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. तिची पाती एका दिशेला झुकलेली असतात. बॉलच्या मागून पाहिल्यावर गवत चकचकीत दिसलं तर पाती पुढे झुकलेली आहेत, बॉल पळेल. काळपट दिसलं तर अडेल.

टप्प्याने पडलेला खळगा कडेकडेने मधे ढकलून बुजवा, खालून उचकटू नका. मुळं तुटतात.

गुण कसे मोजाल

स्ट्रोक मोजत बसलात तर चौथ्या होलला रडाल. स्टेबलफर्ड पद्धत घ्या, तिच्यात प्रत्येक होलला वेगळे गुण मिळतात. नवख्याला 54 हँडिकॅप धरा, म्हणजे अठरा होलांत प्रत्येक होलला तीन स्ट्रोक सूट. पार चारच्या, म्हणजे चार फटक्यांत संपणं अपेक्षित असलेल्या होलला सात लागले तरी तुमचा पारच, दोन गुण. आठ लागले तर एक, त्याहून जास्त लागले तर शून्य. मग बॉल उचला आणि पुढे चला. मागचे लोक दुवा देतील. नऊ होलांत 18 गुण झाले तर चांगलं खेळलात. माझे पहिल्या दिवशी सात झाले होते.

निघण्याआधी क्लब गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा आणि कोरडे करून पिशवीत घाला. खाऱ्या हवेत वेजवर आठवड्यात तांबेरा धरतो. मग चावडीवर, म्हणजे काणकोणच्या बाजारपेठेत या, पातळ भाजी-पाव आणि चहा घ्या. बाजारात खोल्याची मिरची दिसली तर पावशेर बांधून घ्या. घरी विचारणारच, सकाळपासून होता कुठे.