लिनक्सवर एनव्हिडिया ड्रायव्हर बसत नाही? या चुका टाळा

उबुंटूवर एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकला, इन्स्टॉल होताना कुठे कुरकुर झाली नाही, मशीन रीस्टार्ट केलं आणि समोर काळा पडदा. किंवा पडदा आला, पण १०२४ बाय ७६८ मध्ये, सगळं फुगलेलं. टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवलं की उत्तर येतं: ड्रायव्हरशी संपर्क होत नाही, सर्वात नवा ड्रायव्हर बसवलेला आणि चालू आहे याची खात्री करा. या सल्ल्यानेच निम्मा घोळ होतो. लोक आणखी नवा ड्रायव्हर शोधून आहे त्याच्यावर चढवतात, तोही चालला नाही की तिसरा. खरं तर ड्रायव्हरच्या फाइली बहुतेक वेळा डिस्कवर नीट आलेल्या असतात. गाडी अडते ती पुढे: कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) मॉड्यूल, म्हणजे त्याला जोडला जाणारा ड्रायव्हरचा तुकडा, बांधलं गेलेलं नसतं, किंवा बांधूनही कर्नलने ते घेतलेलं नसतं, किंवा कार्ड आधीच 'नूव्हो' या मुक्त ड्रायव्हरने धरून ठेवलेलं असतं.

खालचं सगळं, फेडोराचा एक परिच्छेद सोडून, उबुंटू २२.०४ आणि २४.०४ धरून आहे. मिंटला बहुतेक जसंच्या तसं लागू पडतं. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन छोटी अक्षरं.

काय अडलंय ते न बघता पुन्हा इन्स्टॉल करणं

आधी 'एलएसपीसीआय -एनएनके' चालवा. यादीत 'व्हीजीए' किंवा 'थ्रीडी कंट्रोलर' असं लिहिलेल्या एनव्हिडियाच्या ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' शोधा. तिथे नूव्हो असेल तर कार्ड त्याच्या ताब्यात आहे. ती ओळच नसेल तर कार्डाला वालीच नाही.

मग 'डीकेएमएस स्टेटस' (डीकेएमएस म्हणजे तुमच्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधणारी यंत्रणा). एनव्हिडियापुढे 'इन्स्टॉल्ड' हवं. नुसतं 'अॅडेड' दिसलं तर सोर्स आला, पण मॉड्यूल बांधलं गेलं नाही. उबुंटूने आधीच बांधलेलं मॉड्यूल दिलं असेल तर ही यादी रिकामी असते, त्यात काही बिघडलेलं नाही.

तिसरी आणि सगळ्यात बोलकी आज्ञा: 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया'. काहीच न बोलता परत आली तर मॉड्यूल चढलं. 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' म्हणाली तर भानगड सिक्युअर बूटची. 'मॉड्यूल एनव्हिडिया नॉट फाउंड' म्हणजे या कर्नलसाठी ते बांधलंच गेलेलं नाही. 'नो सच डिव्हाइस' म्हणजे एकतर ही ड्रायव्हर मालिका तुमचं कार्ड ओळखत नाही, नाहीतर नूव्हो मध्ये बसलाय. नेमकं कोणतं ते 'सुडो डीमेसेज' (अक्षरं डी-एम-ई-एस-जी) च्या शेवटच्या ओळींत 'एनव्हीआरएम' ने सुरू होणाऱ्या मजकुरात मिळतं. पुढे काय करायचं ते या उत्तरावर ठरवा.

सिक्युअर बूटची निळी पाटी चुकवणं

विंडोजसोबत आलेल्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट चालू असतो. अशा मशीनवर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. डीकेएमएसने तुमच्याच मशीनवर बांधलेल्या मॉड्यूलवर सही असते, पण ती मशीनच्या स्वतःच्या किल्लीची, आणि ती किल्ली तुम्ही एकदा फर्मवेअरपुढे मंजूर करावी लागते. इन्स्टॉल करताना मध्येच पासवर्ड मागितला जातो तो यासाठी. आठ ते सोळा अक्षरांचा, एकदाच लागणारा. लोक तो घाईघाईत काहीतरी टाकतात आणि विसरतात.

रीस्टार्ट झाल्यावर 'मोक मॅनेजमेंट'साठी (मोक म्हणजे हीच किल्ली) कोणतीही कळ दाबा, असं सांगणारी निळी पाटी येते. दहा सेकंदांत कळ दाबली नाही तर ती निघून जाते, मशीन निमूट सुरू होतं आणि किल्ली नामंजूरच राहते. चहा आणायला उठायची ही वेळ नव्हे. कळ दाबल्यावर यादीत सगळ्यात वर 'कंटिन्यू बूट' असतं आणि सवयीने एंटर दाबला की तेच निवडलं जातं. खाली 'एनरोल मोक' वर जा, मग 'कंटिन्यू', 'यस', पासवर्ड, 'रीबूट'. पासवर्ड टाइप होताना दिसत नाही, आणि इथला कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. म्हणून चिन्हं टाळून साधी अक्षरं आणि आकडे ठेवावेत.

पाटी हुकली तर ड्रायव्हर काढून टाकायची गरज नाही. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' ने सिक्युअर बूट चालू आहे का ते बघा. मग 'सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट' ला '/व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक/' या फोल्डरमधल्या 'मोक.डीईआर' फाइलचा पूर्ण पत्ता द्या (या फाइलच्या नावात 'मोक' मोठ्या लिपीत), नवा पासवर्ड ठरवा, रीस्टार्ट करा आणि या खेपेला समोरून हलू नका.

बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूटच बंद करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. चालतो तो, पण त्याच मशीनवर बिटलॉकर लावलेलं विंडोज असेल तर ते पुढच्या वेळी रिकव्हरी की मागू शकतं. की हाताशी नसेल तर ग्राफिक्सपेक्षा मोठं संकट ओढवून घ्याल. त्यापेक्षा उबुंटूने स्वतः सही केलेली मॉड्यूल घ्या: 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' ही आज्ञा शक्य असेल तिथे तीच निवडते आणि मग निळ्या पाटीचा प्रश्नच येत नाही.

हेडर नसताना मॉड्यूल बांधायला घेणं

डीकेएमएसला चालू कर्नलचेच हेडर (मॉड्यूल बांधताना लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) लागतात, जवळपासच्या आवृत्तीचे चालत नाहीत. 'यूनेम -आर' जो आकडा दाखवेल, त्याच आकड्याचं 'लिनक्स-हेडर्स' पॅकेज हवं. एकदा हाताने बसवलं की पुढच्या कर्नल अपडेटला पुन्हा तीच बोंब. म्हणून 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' हे मेटापॅकेज घ्या, म्हणजे कर्नलबरोबर हेडरही येत राहतील. २२.०४ वर एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल असेल तर मेटापॅकेजही 'जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४' याच नावाचं हवं. इथे हमखास गल्लत होते.

हेडर असूनही बांधणी फसली तर '/व्हार/लिब/डीकेएमएस/एनव्हिडिया/' मध्ये ड्रायव्हरच्या आकड्याचं फोल्डर, त्यात 'बिल्ड', त्यात 'मेक.लॉग' उघडा आणि 'एरर' हा शब्द वरून खाली शोधा. पहिली चूक महत्त्वाची, खालच्या सगळ्या तिच्यामुळे आलेल्या असतात. २२.०४ वर ६.५ किंवा त्यापुढचा कर्नल असेल तर एक ठरलेली ओळ सापडते: 'एफट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट' हा पर्याय ओळखता आला नाही. कर्नल जीसीसी १२ या कंपायलरने बांधलेला, तुमच्याकडे मूळचा जीसीसी ११. 'सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी-१२' आणि मग 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल'. संपलं.

फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवर आरपीएम फ्यूजन या रेपॉझिटरीचं 'अकमॉड-एनव्हिडिया' वापरणाऱ्यांची चूक वेगळी असते. पॅकेज बसलं की लगेच रीबूट मारतात, आणि मॉड्यूल तर पाठीमागे अजून बांधलं जात असतं. पाचेक मिनिटं थांबा. 'मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया' ने आकडा दाखवला की मगच रीबूट (इथला 'एफ' मोठ्या लिपीत).

साइटवरची 'रन' फाइल

विंडोजची सवय इथे नडते: कंपनीच्या साइटवर जा, फाइल उतरवा, चालवा. ही फाइल एपीटीला, म्हणजे उबुंटूच्या पॅकेज व्यवस्थापकाला, न विचारता लायब्ररी जागोजागी टाकते. पुढे एपीटीने तीच लायब्ररी बदलली की मॉड्यूल एका आवृत्तीचं, लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची. शिवाय इन्स्टॉल करताना डीकेएमएसला होकार दिला नसेल तर पुढच्या कर्नल अपडेटला पडदा गेलाच.

आधीच टाकली असेल तर एपीटीचा ड्रायव्हर बसवण्याआधी 'सुडो एनव्हिडिया-अनइन्स्टॉल' चालवा. मग 'एनव्हिडिया' ने सुरू होणारी पॅकेजेस 'एपीटी पर्ज' ने काढा. 'वाय' दाबण्याआधी कायकाय निघणार ती यादी वाचा. तरी दोन अवशेष मागे राहू शकतात. एक, '/ईटीसी/एक्स११/' मधली 'झॉर्ग.कॉन्फ' ('एक्स११' मधला 'एक्स' मोठ्या लिपीत, फाइलच्या नावातला छोटा). तिचं नाव बदलून ठेवा, आजकाल तिची गरज पडत नाही. दुसरा, 'मॉडप्रोब.डी' मधली नूव्होला काळ्या यादीत टाकणारी फाइल. ही '/ईटीसी' मध्येही असते, '/यूएसआर/लिब' मध्येही. ती राहिली तर एनव्हिडिया गेलेला आणि नूव्होलाही बंदी, म्हणजे तेच फुगलेलं रिझोल्यूशन. काढा आणि 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवायला विसरू नका. काळी यादी इनिटरॅमएफएसमध्येही (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या फाइल प्रणालीत) गेलेली असते.

सर्वात मोठा आकडा तो सर्वात चांगला

नाही. ४७० ही केप्लर या जुन्या कार्डपिढीची शेवटची ड्रायव्हर मालिका, ३९० ही फर्मीची. मॅक्सवेल आणि पास्कल, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० ही कार्डं, ५८० वर थांबतात. उलट आरटीएक्स ५० मालिकेला 'ओपन' शेपटीचंच पॅकेज लागतं, बंद मॉड्यूल तिथे चालत नाही. आणि हे ओपन मॉड्यूल ट्युरिंगच्या (आरटीएक्स २० आणि जीटीएक्स १६ पिढीच्या) आधीच्या कार्डांवर चालत नाही.

फसवं कार्ड म्हणजे जीटी ७३०. एकाच नावाखाली दोन पिढ्या विकल्या गेल्या. 'एलएसपीसीआय -एनएनके' मध्ये चौकटी कंसातला क्रमांक '१०डीई:१२८७' असेल तर केप्लर, ४७० लावा. '१०डीई:०एफ०२' असेल तर फर्मी. त्याची ३९० मालिका नव्या कर्नलवर पॅच लावल्याशिवाय बांधली जात नाही. नूव्होवरच ठेवा, डेस्कटॉप आणि व्हिडिओपुरतं भागतं.

काळा पडदा आला म्हणून सगळं फॉरमॅट

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून बघा, बहुतेकदा लॉगिन मिळतं आणि वरच्या सगळ्या आज्ञा तिथून चालतात. तेही नाही आलं तर बूट होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रबची (बूट मेन्यूची) यादी आणा, 'ई' दाबा, 'लिनक्स' ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' जोडा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरता असतो, आणि तसाच राहिलेला बरा. काहीजण तो '/ईटीसी/डीफॉल्ट/ग्रब' मध्ये कायमचा लिहून ठेवतात. मग ड्रायव्हर नीट बसल्यावरही इंटेल किंवा एएमडीची अंगची चिप नीट चालत नाही, आणि दोन ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर पडदा तीच चिप चालवत असते. दोष मात्र जातो एनव्हिडियाला. तिथून काढा, 'सुडो अपडेट-ग्रब' करा.

बिघाड नसताना दुरुस्ती

दोन ग्राफिक्सच्या लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये इंटेल दिसतं म्हणून ड्रायव्हर फसला असं नाही. 'प्राइम-सिलेक्ट क्वेरी' चं उत्तर 'ऑन-डिमांड' असेल तर सांगितल्याशिवाय एनव्हिडिया कामाला लागत नाही. ब्लेंडर किंवा गेम 'प्राइम-रन' लावून सुरू करा. एनव्हिडिया-एसएमआयच्या वरच्या कोपऱ्यातला कूडाचा (कार्डावर गणना करायच्या एनव्हिडियाच्या साधनसंचाचा) आकडाही असाच फसवतो. तो ड्रायव्हर कुठवरची आवृत्ती पेलतो ते सांगतो, कूडा बसलंय असं नव्हे. ते एनव्हिडियाच्या रेपॉझिटरीतून हवं असेल तर 'कूडा-टूलकिट' घ्या; नुसतं 'कूडा' घेतलं तर ते स्वतःचा ड्रायव्हरही ओढून आणतं आणि चाललेला ड्रायव्हर बदलून बसतं.

आणि काल चालणारं मशीन आज 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' म्हणत असेल, तर रात्री आपोआप अपडेट झालंय आणि मेमरीत अजून जुनं मॉड्यूल आहे. रीस्टार्ट करा. दुसरं काहीही करू नका.