शेजाऱ्याचं एक्स्टेन्शन आणि कौन्सिलकडे तक्रार: या चुका टाळा

इंग्लंडमध्ये शेजाऱ्याच्या एक्स्टेन्शनला, म्हणजे घराच्या वाढीव बांधकामाला, मंजुरी मिळते, आपल्या स्वयंपाकघरातला उजेड जातो आणि आपण रागाच्या भरात कौन्सिलला (स्थानिक पालिकेला) लिहितो, "निर्णय चुकीचा आहे, रद्द करा." तक्रार इथेच फसते. कौन्सिलचा तक्रार विभाग दिलेली मंजुरी फिरवत नाही. त्याच्या वर असलेल्या लोकल गव्हर्न्मेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समनलाही (कौन्सिलविरुद्धच्या तक्रारी तपासणारी स्वतंत्र यंत्रणा) ती रद्द करता येत नाही. ते दोनच गोष्टी तपासतात: निर्णय घेण्याच्या पद्धतीत चूक झाली का, आणि त्या चुकीमुळे तुमचं नुकसान झालं का.

म्हणून लिहायला बसण्याआधी केस ऑफिसरचा, म्हणजे शेजाऱ्याचा अर्ज तपासणाऱ्या कौन्सिलच्या अधिकाऱ्याचा, अहवाल वाचा. अर्जाचा क्रमांक टाकला की तो बहुतेक वेळा कौन्सिलच्या संकेतस्थळावर सापडतो. तुमची हरकत त्यात आली आहे का? बाजूची खिडकी नकाशात दिसते का? दोन्ही घरांच्या जमिनीच्या पातळीतला फरक धरला आहे का? कौन्सिलच्या मार्गदर्शिकेत ४५ अंशांचा नियम (शेजारच्या खिडकीपासून ४५ अंशांची रेषा काढून उजेड अडतो का ते पाहणं) असेल तर तो लावून पाहिला का? "माझ्या खिडकीचा अहवालात उल्लेखच नाही" ही तक्रार झाली. "उजेड कमी होईल, पण चालण्यासारखं आहे" असं अधिकाऱ्याने कारणांसह लिहिलं असेल, तर तो मतभेद झाला, आणि मतभेदावर कोणी चौकशी करत नाही. मला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. चांगल्या, खऱ्या तक्रारी यातच वाया जातात.

"मला पत्रच आलं नाही" यावर सगळी भिस्त ठेवू नका. साध्या घरगुती अर्जासाठी कौन्सिलने लगतच्या घरांना कळवावं किंवा जागेवर नोटीस लावावी, यांपैकी एक पुरेसं असतं. पत्र खरोखर चुकलं असेल तरी, तुम्ही मांडला असता तोच मुद्दा अहवालात तपासलेला असेल, तर हाती फारसं काही लागत नाही. मात्र मोठ्या एक्स्टेन्शनच्या 'प्रायर अप्रूव्हल'मध्ये (पूर्ण अर्जाऐवजीची छोटी पूर्वमंजुरी प्रक्रिया) लगतच्या शेजाऱ्यांना कळवावंच लागतं. तिथे कोणीच हरकत घेतली नाही, तर शेजाऱ्यांवरचा परिणाम तपासलाच जात नाही. तसं पत्र आलं तर बाजूला ठेवू नका.

घराची किंमत उतरेल, समोरचं दृश्य जाईल, हद्दीचा वाद आहे, हे मुद्दे प्लॅनिंगमध्ये धरले जात नाहीत. सामाईक भिंतीसाठी १९९६चा पार्टी वॉल कायदा आहे, त्याचा मार्ग वेगळा.

महापालिकेत काम अडलं की नगरसेवकाकडे जायची आपल्याला सवय असते. इथेही काउन्सिलरकडे जरूर जा, पण निर्णयाआधी. नियमांत बसत असेल तर, अर्ज अधिकाऱ्याऐवजी काउन्सिलरांच्या कमिटीपुढे नेण्याची विनंती तो तेव्हाच करू शकतो.

मुदतींचं गणित नीट समजून घ्या. मंजुरीविरुद्ध शेजाऱ्याला अपील नाही. ते फक्त अर्जदाराला. कोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू (निर्णय कायदेशीर होता का याची तपासणी) मागायचा तर निर्णयापासून ६ आठवडेच मिळतात, खर्चही मोठा, आणि कौन्सिलकडे तक्रार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. त्यामुळे वकिलाचा सल्ला पहिल्याच आठवड्यात घ्या. ऑम्बड्समनकडे प्रकार कळल्यापासून १२ महिन्यांत जायचं असतं, तेही आधी कौन्सिलची तक्रार प्रक्रिया पूर्ण करून. ही सेवा मोफत आहे.

बांधकाम मंजूर नकाशापेक्षा वेगळं होत असेल, तर ती तक्रार कौन्सिलच्या एन्फोर्समेंट (नियमभंगावर कारवाई करणाऱ्या) विभागाकडे, तारखेसह फोटो जोडून करा.

शेवटी, काय हवं ते नेमकं मागा. "न्याय द्या" यातून काही निघत नाही. चूक मान्य करून माफी, झालेल्या त्रासाची काही भरपाई, किंवा मंजुरीत खिडकीला आरपार न दिसणारी काच लावण्याची अट होती आणि ती मोडली असेल तर तिच्या अंमलबजावणीचा निर्णय ठरावीक तारखेपर्यंत, असं लिहा. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर तिथले ऑम्बड्समन वेगळे आहेत.